पटावरचे नाव

माझ्या नोकरीची २७ वर्षे एका शाळेच्या कचेरीत गेली. एवढ्या काळात माझ्या हातून शाळा सोडल्याचे दाखले किती लिहून झाले असतील, याची मोजदाद नाही. जनरल रजिस्टर उघडावे, क्रमांक शोधावा, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहावी, मग अभ्यासातील प्रगती, मग वर्तणूक. या रकान्यांतले शब्द ठरलेले असत. प्रगती 'बरी' आणि वर्तणूक 'चांगली'. ज्या पोराने हेडमास्तरांच्याच सायकलची हवा सोडली, त्याचीही वर्तणूक आम्ही 'चांगली'च लिहीत असू. निघून जाणाऱ्या मुलाच्या कागदावर काळी रेघ ओढावयाची नाही, असा हेडमास्तरांचा दंडक होता.

खरी अडचण येई ती पुढच्या रकान्याशी. 'शाळा सोडण्याचे कारण.' सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, त्या वर्षांत आठवी-नववीतली कितीतरी मुले यंत्रमागावर गेली. मुली आईशेजारी बसून विड्या वळू लागल्या. ते कारण त्या रकान्यात कधी लिहिले गेले नाही. तिथे एकच ओळ असे : 'पालकांच्या विनंतीवरून.' या दोन शब्दांच्या पोटात किती घरांची कहाणी दडपली गेली, ते माझे मला ठाऊक.

आपल्या भाषेचीही एक गंमत आहे. 'पोराने नाव काढले' म्हटले की पेढे वाटावयाचे, आणि 'पोराचे नाव काढले' म्हटले की दार लावून घरात बसावयाचे! एका प्रत्ययाचा काय तो फरक. पण तेवढ्यावर घराची अब्रू तोललेली असते.

हे सारे पुन्हा आठवावयास कारण घरातच घडले.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी जन्माने पेठेतला माणूस. निवृत्तीनंतर मुलाबरोबर विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधल्या या नव्या वस्तीत आलो. धाकटी सून एका दवाखान्यात हिशेबाचे काम पाहते. तिने दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका विद्यापीठात ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमास नाव घातले. रात्री नऊ वाजले, जेवणे उरकली, ओटा पुसून झाला, की ती लॅपटॉप उघडून आतल्या खोलीत बसे. दहापर्यंत तिला कोणी हाक मारावयाची नाही, हा घरातला अलिखित नियम. पहिले वर्ष ती पास झाली. आम्ही कंदी पेढे आणले.

यंदा आषाढात एके रात्री ती माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्हांला एक सांगायचंय. माझं नाव त्यांनी काढून टाकलं. पाच महिने झाले."

दुसऱ्या वर्षाची फी भरावयाच्या महिन्यात आमच्या सौभाग्यवतींच्या मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. फीची तारीख गेली, दंडासह भरण्याची तारीखही गेली. मग एके दिवशी इंग्रजीत चार ओळींची ई-मेल आली, की आपली नोंदणी रद्द झाली आहे.

"मग पाच महिने रात्री लॅपटॉप लावून करत काय होतीस?"

"काही नाही. तेवढा एक तास कुणी हाक मारत नव्हतं."

मला पुढे काय बोलावे सुचेना. कारकुनाच्या तोंडून कारकुनाचाच प्रश्न निघाला : "पण तू सोडलंस, की त्यांनी काढलं?"

"तेच तर मला कळत नाही, अण्णा."

"दाखला दिला का काही?"

ती हसली. म्हणाली, "तिथे कुठला दाखला? पासवर्ड चालेनासा झाला, एवढंच."

ज्याने जन्मभर दाखले लिहिले, त्याची झोप उडावयास एवढे पुरेसे होते. दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयातून पुस्तके आणून एकाच गोष्टीच्या मागे लागलो : आजवर जी माणसे शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडली, किंवा ज्यांना बाहेर काढले गेले, ती जाताना हातात काय घेऊन गेली?

आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'रस्टिकेट' हा शब्द फार. कॉलेजात कोणी दंगा केला, की 'त्याला रस्टिकेट केला' असे दबक्या आवाजात सांगत. हा शब्द ऑक्सफर्ड-केंब्रिजचा. लॅटिन भाषेत 'रुस' म्हणजे खेडे, रान; उनाड विद्यार्थ्याला काही काळ गावाकडे धाडून द्यावयाचे, ते 'रस्टिकेट' करणे. म्हणजे मुळात ही शिक्षा मुदतीची! हवा बदलून, शहाणा होऊन परत येण्याची मुभा त्या शब्दातच होती. आपल्याकडे येता येता तेवढी मुभा वाटेत गळली आणि नुसती नाचक्की तेवढी उरली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावयाचे कॉलेजांनी, परीक्षा तेवढी विद्यापीठाने घ्यावयाची. तेव्हा विद्यार्थ्याला धाक होता तो प्रिन्सिपॉलचा. एल्फिन्स्टन कॉलेजात महादेव गोविंद रानडे या विद्यार्थ्याने एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना करून आपल्या जुन्या राज्याला झुकते माप दिले, तेव्हा प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. नाव मात्र काढले नाही. विद्यापीठाची बी. ए.ची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली, तीत रानडे होते. ग्रँटसाहेबांनी त्या दिवशी सहा महिन्यांऐवजी रागाच्या भरात पटावरचे नावच खोडले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतो. असो.

काढणाऱ्यांची गोष्ट ही अशी. आपण होऊन सोडणाऱ्यांची निराळी. बडोद्याचा विनायक नरहर भावे हा विद्यार्थी १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला, आणि वाटेत सुरतेला उतरून काशीकडे निघून गेला. त्याआधी घरात आई चुलीशी बसली असता त्याने आपली सर्टिफिकिटे गुंडाळून चुलीत घातली होती. आई म्हणाली, ती असू द्यावयास काय हरकत होती? उद्या लागली असती. मला या प्रसंगात विनोबांपेक्षा त्या माउलीचेच अधिक पटते, हे कबूल केले पाहिजे. विनोबांना कागद लागला नाही. पण विनोबा शंभर वर्षांत एक होतो आणि चूल घरोघर असते.

सोलापूरलाही अशा सोडणाऱ्यांची परंपरा आहे, आणि तिचा मानकरी मोठा आहे. आमच्या घराजवळचा विजापूर रोड ज्या जिल्ह्याकडे जातो, त्याच जिल्ह्यातल्या सिंदगी गावी १९०३ साली जन्मलेला व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हा मुलगा शिकण्यासाठी सोलापुरात आला होता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक वारले. त्याच वर्षी गांधीजींनी सरकारी शाळा-कॉलेजे सोडण्याची हाक दिली, आणि या मुलाने सोलापूरची सरकारी शाळा सोडली. पुढे तो अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या शाळेत गेला, तिथून पुण्याला टिळक महाविद्यालयात, आणि एम. ए. झाला. ज्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची ती पदवी, ते १९२१ साली असहकारातूनच निघालेले. इंग्रज सरकारच्या लेखी त्या पदवीला काही किंमत नव्हती. सरकारने त्याला अभिमत विद्यापीठ मानले ते १९८७ साली, म्हणजे पदव्या वाटू लागल्यावर साठाहून अधिक वर्षांनी!

हाच मुलगा पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्याने हेडमास्तरकी केली, म्हणजे ज्याने शाळा सोडली त्यानेच इतरांच्या मुलांचा पट सांभाळला. मग हैदराबादचा लढा, तुरुंग, १९४८ चा सप्टेंबर, हा सारा इतिहास घरोघरी ठाऊक आहे. नांदेडला १९९४ साली विद्यापीठ झाले, त्याला त्याचेच नाव दिले गेले. त्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर, शाळा सोडलेल्या एका सोलापूरच्या विद्यार्थ्याचे नाव छापलेले असते!

पण या थोरांच्या गोष्टी सांगून सूनबाईचे समाधान होईना. ती म्हणाली, "अण्णा, त्यांनी देशासाठी सोडलं. माझं तर आईंच्या दुखण्यात राहून गेलं." तिचे खरे होते. देशासाठी सोडणाऱ्याला मिरवणूक असते. पैसा संपला, मुदत संपली, घरात दुखणे आले म्हणून ज्याचे शिक्षण अर्ध्यावर तुटते, त्याला काय असते?

याचे उत्तर मला सापडले ते बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात.

कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास करून बाबासाहेब १९१६ साली लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही घातले. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर हे चालले होते. ती मुदत १९१७ साली संपली आणि बडोद्याचे बोलावणे आले. अभ्यास अर्धा, प्रबंध अपुरा, आणि महायुद्ध ऐन भरात. हे शिक्षण सोडणे राजीखुशीचे नव्हते, आणि कोणी काढलेही नव्हते. आमच्या सूनबाईसारखेच मधले काहीतरी होते. पण निघण्यापूर्वी बाबासाहेबांनी एक गोष्ट केली. त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत आपल्याला परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता यावा.

पुढचा काळ फार वाईट गेला. पुस्तकांच्या पेट्या निराळ्या बोटीने पाठवल्या होत्या. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. बडोद्यात कचेरीत अपमान, राहावयास जागा नाही, पारशी खानावळीतून हाकलून दिलेले. थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी मिळाली. चार वर्षांची ती मुदत मात्र एकीकडे चालूच होती. पगारातून पै-पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार कर्जाऊ घेतले, आणि जुलै १९२० मध्ये, मुदतीला सव्वा वर्ष शिल्लक असताना, बाबासाहेब पुन्हा लंडनच्या बोटीत बसले. १९२१ साली एम. एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत केला. तो दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. मिळाली.

हे वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ गच्चीत बसलो. बाबासाहेबांची बुद्धी, त्यांची चिकाटी यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. पण माझे कारकुनी डोके एकाच गोष्टीवर अडून राहिले : ती परवानगी! कोण्या एका कचेरीतल्या माणसाने तो ठराव टिपून ठेवला असेल, तारीख घातली असेल. ती परवानगी नसती तर एवढ्या कष्टाने जमवलेले पैसे घेऊन जायचे कोठे?

आता घरबसल्या शिकण्याची गोष्ट. ही कल्पना टपालाच्या पाठोपाठ आली. इंग्लंडात १८४० साली एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे पत्राने पाठवण्यास आरंभ केला. लंडन विद्यापीठाने १८५८ साली कॉलेजात न बसलेल्यांनाही परीक्षेस बसू दिले. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. इंग्लंडात मुक्त विद्यापीठ १९६९ साली निघाले. आपले पहिले हैदराबादेत १९८२ साली, दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद.

सोलापूरला या ब्रीदाचे मोल फार. १९४० साली दयानंद कॉलेज निघेपर्यंत इथल्या मुलाला पदवीसाठी पुण्या-मुंबईची गाडी धरावी लागे. विद्यापीठ तर पुढेही दूरच राहिले : आधी मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ पासून कोल्हापूर. आपल्या जिल्ह्याचे विद्यापीठ आम्हांला मिळाले १ ऑगस्ट २००४ रोजी. तोवर ज्यांना गाव सोडवत नव्हते, त्यांच्या दारी मुक्त विद्यापीठ आले. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी अभ्यासक्रम पुरा करून पदवीच्या वर्गाला बसण्याची सोय त्याने ठेवली. मी ज्यांचे दाखले 'पालकांच्या विनंतीवरून' लिहिले होते, त्यांतला एक यंत्रमाग कामगार चाळिशी उलटल्यावर अशा रीतीने बी. ए. झाला. रविवारी अभ्यासकेंद्रावर जाई, संमंत्रकांपुढे बसे. पदवी मिळाली तेव्हा मला दाखवावयास शाळेत आला होता. त्याच्या बोटांना सुताचे तंतू चिकटलेले होते.

मात्र घराच्या दारात आलेली गंगा आली केव्हा आणि आटली केव्हा, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. शाळा सोडणाऱ्या मुलाचे रिकामे बाक निदान मास्तरांना दिसते. ऑनलाइन वर्गात बाकच नाही. हार्वर्ड आणि एम. आय. टी. या अमेरिकेतल्या बड्या संस्थांनी २०१२ साली सर्वांना खुले अभ्यासक्रम सुरू केले. त्यांची आकडेवारी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत नाव घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अभ्यासक्रमात पाऊलही टाकले नव्हते, आणि २०१७-१८ साली शेवटपर्यंत पोचले ते शंभरात तिघांच्या आसपास. हे अभ्यासक्रम पदवीचे नव्हते आणि ते फुकट होते, हे लक्षात घेतले पाहिजे. तरी उरलेले सत्त्याण्णव कोठे गेले, कोणाच्या घरी कोण आजारी पडले, हे विचारणारा एकही रकाना त्या यंत्राजवळ नव्हता.

कायद्याने काही केले नाही, असे नाही. उत्तर प्रदेशात १९५४ च्या इंटर परीक्षेत गैरप्रकार केला म्हणून परीक्षा मंडळाने तीन विद्यार्थ्यांचे निकाल त्यांना एका शब्दाने न विचारता रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घनश्यामदास गुप्ता या विद्यार्थ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने १९६२ साली सांगितले, की असा निर्णय घेण्यापूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत अलाबामामध्ये, गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात बसले म्हणून काढून टाकलेल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तिथल्या न्यायालयाने जवळजवळ हेच म्हटले होते. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे, त्याला निदान 'तुझे काय म्हणणे आहे' असे विचारावे लागते. ज्याच्यावर काहीच आरोप नाही, ज्याची फक्त एक तारीख टळली, त्याला कोण विचारणार? गुन्हेगाराला सुनावणी आणि निरपराध्याला चार ओळींची ई-मेल, असा हा उलटा न्याय.

अलीकडे थोडे बदलले आहे, हे सांगितले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर थांबे ठेवले. एक वर्ष करून निघालात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. जुलै २०२१ पासून 'श्रेयांक बँक' निघाली आहे; शिकून मिळवलेले श्रेयांक तिथे विद्यार्थ्याच्या नावावर साधारणपणे सात वर्षे जमा राहतात आणि पुढे दुसरीकडे वापरता येतात. ज्या संस्थांनी ही पद्धत स्वीकारली, तिथल्यापुरते हे खरे. बाबासाहेबांना चार वर्षांची मुभा स्वतः मागून मिळवावी लागली होती. आता सातांची कागदावर आहे, पण ती मागावी लागते हे फारच थोड्यांना ठाऊक. सूनबाईला नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

नवरात्रात एका रात्री आम्ही दोघे लॅपटॉपपुढे बसलो. बँकेत तिचे खाते निघाले. पहिल्या वर्षाचे श्रेयांक त्यात दिसेनात. विद्यापीठाने ते पाठवलेच नव्हते. तेव्हा तिने तिथे अर्ज करावयाचे ठरवले : पहिल्या वर्षाचे श्रेयांक जमा करावेत, आणि पुन्हा नोंदणीची सोय असल्यास तसे कळवावे. अर्जाचा नमुना उघडला. नाव, क्रमांक, वर्ष. शेवटी एक रकाना होता. अभ्यासक्रम खंडित होण्याचे कारण.

तिने माझ्याकडे पाहिले. "अण्णा, तुम्ही काय लिहीत होता?"

मी सांगितले. ती हसेल असे वाटले होते, पण ती हसली नाही.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून काठीचा आवाज आला. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळे ऐकले असावे. म्हणाल्या, "त्यात काय विचारायचं? सासूचं हाड मोडलं होतं, दोन महिने तिचं सगळं मीच केलं, असं लिही. खरं आहे ते. लाज कसली?"

सूनबाईने तसेच लिहिले, इंग्रजीत, पुरी तीन वाक्ये. रकान्यात ती मावली.

उत्तर अजून आलेले नाही. रात्री नऊ वाजले की ती पूर्वीसारखी आतल्या खोलीत जाऊन बसते आणि मी बाहेर टीव्हीचा आवाज कमी करतो.